लाकडी खिडकीची यंत्रनिर्मिती आणि कारागिराचे स्थान : इंग्लंडमधील एक अभ्यास (१७९१ ते १८६०)

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीच्या अभ्यासात सूतगिरणी, वाफेचे इंजिन आणि रेल्वे यांना जे महत्त्व दिले जाते ते सुतारकामाला दिले जात नाही. सूत आणि कापड गिरणीत तयार होऊ लागले, ही घटना प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. परंतु घराची खिडकी यंत्रावर तयार होऊ लागली, या घटनेची नोंद क्वचितच घेतली जाते. वस्तुतः लाकडाचे यांत्रिकीकरण ही अधिक अवघड बाब होती. लाकडाला रेषा असतात, गाठी असतात आणि ते हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते. हे सर्व ओळखून हत्यार चालविणे हेच सुताराचे कौशल्य होते.

प्रस्तुत लेखात सॅम्युएल बेंथम आणि जोसेफ पॅक्स्टन यांच्या कार्याच्या आधारे लाकडी खिडकीच्या यंत्रनिर्मितीचा विचार केला आहे. ही यंत्रे घडविताना लाकडाइतकाच कामगाराचाही विचार झाला होता आणि कुशल कारागिराशिवाय काम कसे होईल, हा प्रश्न त्यामागे प्रारंभापासून होता, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हाताने घडविलेली खिडकी

वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची खिडकी इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झाली. तिच्या प्रत्येक तावदानाला बाहेरची चौकट आणि आतील काचा धरून ठेवणाऱ्या बारीक लाकडी पट्ट्या असत. त्या काळी मोठ्या आकाराची काच महाग असल्याने अनेक लहान काचा जोडूनच तावदान पूर्ण होई. काचा जितक्या लहान, तितक्या पट्ट्या अधिक आणि तितकेच सुताराचे कामही अधिक.

एका पट्टीसाठी सुताराला करवतीने लाकूड चिरावे लागे, रंध्याने ते सपाट करावे लागे, दोन्ही बाजूंना काच बसेल अशी खाच काढावी लागे आणि दर्शनी बाजूस गोलाई द्यावी लागे. त्यानंतर टोकाला कूस काढून ती चौकटीतील भोकात घट्ट बसवावी लागे. एक पट्टी किंचित वाकडी झाली तरी काच बसत नसे. खिडकी ही त्यामुळे सुताराच्या कौशल्याची कसोटीच मानली जाई.

खिडकीवर राज्यसंस्थेचीही दृष्टी होती. १६९६ मध्ये इंग्लंडमध्ये खिडक्यांच्या संख्येवर कर बसविण्यात आला, तो १८५१ पर्यंत टिकला. काचेवरील उत्पादनशुल्क १७४६ मध्ये सुरू होऊन १८४५ मध्ये रद्द झाले. प्रकाश ही दीर्घकाळ करपात्र बाब राहिल्याने खिडक्यांची मागणी मर्यादित राहिली, हे यंत्राच्या प्रसाराचा विचार करताना ध्यानात घ्यावे लागते.

बेंथम यांचा प्रयोग : यंत्र आणि कारागृह

सॅम्युएल बेंथम (१७५७–१८३१) हे उपयुक्ततावादी विचारवंत जेरेमी बेंथम यांचे धाकटे बंधू. रशियात पोतेम्किन यांच्या सेवेत असताना अकुशल माणसांकडून काम कसे करून घ्यावे, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. एका मध्यवर्ती ठिकाणाहून सर्व कामगारांवर देखरेख ठेवता येईल अशा इमारतीची कल्पना त्यांना तेथेच सुचली. जेरेमी बेंथम यांनी पुढे तिचेच ‘पॅनॉप्टिकॉन’ या कारागृहाच्या योजनेत रूपांतर केले.

मिशेल फुको यांच्या १९७५ मधील ग्रंथामुळे पॅनॉप्टिकॉन ही संकल्पना समाजशास्त्रांच्या अभ्यासकांना परिचित झाली आहे. मात्र या चर्चेत भर असतो तो देखरेखीवर. त्या इमारतीत कैद्यांनी कोणते काम करावयाचे होते, याकडे तुलनेने दुर्लक्ष होते. हे काम प्रामुख्याने यंत्रांच्या साहाय्याने करावयाचे होते आणि त्यात लाकूडकामाला महत्त्वाचे स्थान होते. १७९१ मध्ये इंग्लंडला परतल्यावर सॅम्युएल यांनी लाकूड रंधण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. १७९३ च्या दुसऱ्या एकस्वात त्यांनी चिरणे, रंधणे, खाच काढणे, भोक पाडणे आणि नक्षीची गोलाई देणे अशा लाकूडकामातील जवळजवळ सर्व क्रियांचा यांत्रिक विचार मांडला. वेस्टमिन्स्टर येथील जेरेमी यांच्या क्वीन स्क्वेअर प्लेस या निवासस्थानी ही यंत्रे उभी राहिली. तेथे नमुन्यादाखल उत्तम प्रतीच्या खिडकीच्या तावदानाचे सर्व भाग यंत्रावर तयार करून दाखविण्यात आले. हाताने करावयाचे राहिले ते केवळ त्या भागांची जोडणी.

या यंत्रांमागील तत्त्व असे की, संपूर्ण वस्तूऐवजी एकेका क्रियेचा स्वतंत्र विचार करावा आणि ती क्रिया कामगाराच्या हाताच्या सफाईवर अवलंबून ठेवू नये. ज्याने पूर्वी कधीही रंधा हाती धरला नाही अशा कैद्यालाही ती करता यावी, अशी अपेक्षा होती. १७९४ मध्ये संसदेने कायदा करूनही हे कारागृह उभे राहिले नाही आणि १८१३ मध्ये जेरेमी यांना २३,००० पौंडांची भरपाई देऊन हा विषय संपविण्यात आला. तत्त्व मात्र टिकले. सॅम्युएल १७९६ मध्ये नौदलाच्या बांधकामांचे महानिरीक्षक झाले. त्यांच्या पाठिंब्याने पोर्ट्‌समथ येथे मार्क ब्रुनेल यांनी आराखडलेली व हेन्री मॉडस्ले यांनी घडविलेली यंत्रे बसविण्यात आली. जहाजावरील दोरांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या तयार करण्याचे ११० कुशल कारागिरांचे काम तेथे १० अकुशल माणसे करू लागली.

पॅक्स्टन यांचे यंत्र : एक माणूस आणि एक मुलगा

जोसेफ पॅक्स्टन (१८०३–१८६५) हे डेव्हनशायरच्या ड्यूकांच्या चॅट्सवर्थ येथील उद्यानाचे प्रमुख माळी होते. तेथील विशाल काचगृहाचे बांधकाम १८३६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी ४८ इंच लांबीच्या, एकसारख्या मापाच्या हजारो पट्ट्या आवश्यक होत्या. त्या हाताने करणे अत्यंत खर्चाचे असल्याने पॅक्स्टन यांनी उपलब्ध यंत्रांचा शोध घेतला. त्यांना खाच पाडणारे एक यंत्र मिळाले. त्यांनी ते वाफेच्या इंजिनाला जोडले आणि पट्टी पूर्ण तयार होईल अशा सुधारणा त्यात केल्या. ऑगस्ट १८३८ पासून ते या रूपात वापरात आले. सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यासाठी १८४१ मध्ये त्यांना पदक दिले.

याच संस्थेसमोर नोव्हेंबर १८५० मध्ये पॅक्स्टन यांनी दिलेला तपशील उद्बोधक आहे. यंत्राचा खर्च २० पौंड होता आणि एकट्या काचगृहाच्या कामात त्यामुळे १,४०० पौंडांची बचत झाली. ते चालविण्यास एक माणूस आणि एक मुलगा पुरेसा होता. काम स्वच्छ होण्यासाठी मिनिटाला १,२०० फेरे आवश्यक होते. नेहमीच्या पद्धतीने लाकूड पुढे सरकविल्यास ते कापले न जाता चेंगरले जाई. म्हणून करवतीचे दात ज्या बाजूने वर येतात त्या बाजूने लाकूड देण्याची व्यवस्था करावी लागली.

हा शेवटचा तपशील विशेष विचारणीय आहे. लाकडाच्या रेषेप्रमाणे हत्यार कोणत्या दिशेने चालवावे, हे ज्ञान सुताराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होते. यंत्राने ते नष्ट केले नाही. दातांची दिशा, फेऱ्यांची गती आणि लाकूड सरकविण्याची बाजू यांत ते एकदाच निश्चित करून ठेवण्यात आले. त्यानंतर यंत्राजवळ उभ्या असलेल्या मुलाला ते ठाऊक असण्याची आवश्यकता राहिली नाही.

स्फटिक प्रासाद आणि प्रमाणित माप

१ मे १८५१ रोजी लंडनमध्ये जागतिक प्रदर्शन सुरू झाले. त्यासाठी उभारलेल्या १,८४८ फूट लांबीच्या स्फटिक प्रासादात ही पद्धती पूर्णत्वास गेली. ४९ इंच लांब व १० इंच रुंद ही काच तेथे मापाचा आधार ठरली आणि सुमारे २०५ मैल लांबीच्या लाकडी पट्ट्या यंत्रावर तयार करण्यात आल्या. त्यांचे रंगकामही यांत्रिक होते : रंगात बुडविलेली पट्टी ब्रशांमधून ओढून घेतली जाई. काचा बसविण्याचे काम मात्र हातानेच होत राहिले. ८० कामगारांनी एका आठवड्यात १८,००० हून अधिक काचा बसविल्या.

काचेवरील शुल्क १८४५ मध्ये रद्द झाले नसते, तर एवढ्या काचेचा विचार परवडला नसता. स्वस्त काच, प्रमाणित माप आणि यंत्र या तीन घटकांच्या संयोगातून कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडण्याची पद्धत येथे दृढ झाली.

कारागिराचा प्रश्न

पॅक्स्टन यांच्या हिशेबात १,४०० पौंडांची बचत नोंदविली आहे. ही रक्कम मुख्यतः सुतारांच्या मजुरीचीच होती, हे उघड आहे. ती ज्यांच्या हाती गेली नाही त्यांचा उल्लेख मात्र या हिशेबात येत नाही.

१८५९ मध्ये लंडनच्या बांधकाम कामगारांनी नऊ तासांच्या दिवसाची मागणी केली. तिच्या अग्रभागी असलेले जॉर्ज पॉटर हे सुतार होते. मालकांनी टाळेबंदी केली आणि १८६० च्या प्रारंभी संघर्ष मिटला तेव्हा नऊ तासांची मागणी मान्य झालेली नव्हती. त्याच वर्षी सुतारांची एकत्रित संघटना स्थापन झाली. हा संघर्ष खिडकीच्या यंत्रामुळे उद्भवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि, ज्या व्यवसायातील काम एक माणूस आणि एक मुलगा करू शकतात, त्यातील कारागिराला केवळ कौशल्याच्या बळावर वाटाघाट करता येत नाही. त्याला संघटनेचा आधार घ्यावा लागतो, ही पार्श्वभूमी येथे दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष

चॅट्सवर्थचे काचगृह १९२० मध्ये पाडण्यात आले आणि स्फटिक प्रासाद १९३६ मध्ये आगीत नष्ट झाला. वेगाने फिरणाऱ्या पात्यांसमोर लाकूड सरकवून पट्टीला आकार देण्याचे तत्त्व मात्र आजही खिडक्यांच्या कारखान्यांत वापरले जाते. बेंथम यांच्या दृष्टीसमोर कैदी होता आणि पॅक्स्टन यांच्या यंत्राजवळ मुलगा होता. दोघांनाही सुतारकाम येणे अपेक्षित नव्हते. सुताराचे ज्ञान यंत्रात उतरले आणि यंत्र मालकाचे असल्याने त्या ज्ञानाचे मोलही मालकाकडे गेले. यंत्रामुळे खिडकी स्वस्त झाली आणि सामान्यांच्या घरात प्रकाश येण्याचा मार्ग सुकर झाला, हे निर्विवाद आहे. या प्रकाशाची किंमत कोणी दिली, याचाही विचार तंत्रज्ञानाच्या इतिहासाने करणे आवश्यक आहे.