पांचांतील एक

क्रोएशिया हें एड्रिअ‍ॅटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील सुमारें ३९ लाख वस्तीचें लहानसें राष्ट्र. १९९१ सालीं तें युगोस्लाव्हियांतून फुटून निघालें, १९९५ पर्यंत युद्धांत होरपळलें, आणि १ जुलै २०१३ रोजीं युरोपीय संघाचें अठ्ठाविसावें सभासद झालें. या प्रवेशाच्या अडीच महिने आधीं, १४ एप्रिल रोजीं, तेथील मतदारांस युरोपीय पार्लमेंटांत आपले बारा प्रतिनिधि धाडण्याची पहिली संधि मिळाली. मताचा हक्क असलेले लोक सदतीस लाखांच्या वर होते. मतपेटीपाशीं आले ते शेंकडा २०.८४, म्हणजे पांचांत एक. ज्या संघांत शिरण्यासाठीं या राष्ट्रानें दहा वर्षें खटपट केली, त्याच्या सभागृहाचें दार उघडतांच पांचांपैकीं चौघांनीं घरीं बसून रहावें, याचा अर्थ काय लावावयाचा?

लोकांस युरोप नकोसा झाला होता, हें उत्तर हाताशीं तयार आहे. आम्हांस तें पटत नाहीं.

प्रथम ती खटपट पहावी. क्रोएशियाचा अर्ज २००३ चा. वाटाघाटी सुरू झाल्या त्या ३ ऑक्टोबर २००५ रोजीं, आणि त्याहि हेगच्या युद्धगुन्हेविषयक न्यायालयाशीं सहकार्य करण्याची अट मानल्यावर. ज्या आन्ते गोतोविना सेनापतीस देशांतील असंख्य लोक वीर मानीत, तो त्याच वर्षाच्या डिसेंबरांत परदेशांत पकडला गेला. पुढें २०१२ सालीं अपिलांत तो निर्दोष सुटला, हा भाग वेगळा. मग पीरान उपसागरांतील सरहद्दीवरून शेजारच्या स्लोव्हेनियानें २००८ च्या अखेरीस वाटाघाटी अडवून धरल्या, त्या २००९ च्या शरद्‌ऋतूंत मोकळ्या झाल्या. कराराच्या सह्या ९ डिसेंबर २०११ च्या. आणि २२ जानेवारी २०१२ रोजीं सार्वमत घेतलें गेलें, त्यांत शेंकडा ६६.२७ मतें प्रवेशाच्या बाजूनें पडलीं. त्या दिवशींहि निम्म्याहून कमीच, शेंकडा ४३.५१ लोक मतास आले होते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु प्रश्नाचा निकाल तेव्हां लागला होता. 'जावयाचें कीं नाहीं' असें विचारलें असतां मनुष्य घराबाहेर पडतो. जाण्याचें ठरल्यावर 'गाडींत खिडकीपाशीं कोणीं बसावें' एवढेंच विचारूं लागलें, तर तो पडेलच असें नाहीं.

शिवाय गाडी सुटणार हें तरी कोठें पक्कें होतें? प्रत्येक सभासद राष्ट्राची संमति या करारास अवश्य होती. स्लोव्हेनियाची संमति मिळाली ती २ एप्रिलला, मतदानास बारा दिवस उरले असतां; जर्मनीच्या बुंडेस्टागची तर मतदान होऊन महिना लोटल्यावर, १६ मे रोजीं. प्रतिनिधि आधीं निवडले गेले आणि सभेचा परवाना मागून आला! त्यांची मुदतहि केवळ वर्षाची, कारण २०१४ च्या मे महिन्यांत साऱ्या संघाची निवडणूक ठरलेलीच होती आणि तींत क्रोएशियाच्या जागा बारांवरून अकरा व्हावयाच्या होत्या. ७६६ सभासदांत बारा, तेहि एका वर्षापुरते, आणि कोणतेंहि मंत्रिमंडळ त्यांच्या बळावर उभें रहावयाचें नाहीं. देशांत २००९ पासून मंदी ठाण मांडून बसलेली. अशा वेळीं मतदारानें हिशेब केला असेल, तर तो अगदींच वेडगळ होता असें म्हणवत नाहीं.

इतर नव्या सभासदांच्या पहिल्या निवडणुका शेजारीं ठेवल्या म्हणजे ही गोष्ट अधिक उघड होते. पोर्तुगालनें १९८७ च्या १९ जुलै रोजीं आपल्या राष्ट्रीय निवडणुकीबरोबरच युरोपचें मत घेतलें; शेंकडा ७२ लोक आले. स्पेननें त्याच वर्षीं नगरसभांच्या निवडणुकांशीं सांगड घातली, तेथेंहि गर्दी झाली. उलट स्वीडनसारख्या मतदानांत कधीं न चुकणाऱ्या देशानें १९९५ सालीं ही निवडणूक एकटी घेतली, तेव्हां आंकडा ४२ च्या आंतच राहिला. बल्गेरियांत २००७ सालीं तो २९ वर आला. क्रोएशियांत अवघ्या पांच आठवड्यांनीं, १९ मे रोजीं, स्थानिक संस्थांच्या निवडणुका होत्या, आणि त्यांस याहून दुपटीनें लोक आले. दोन्ही मतदानें एका दिवशीं घेतलीं असतीं, तर आज हा लेख लिहिण्याचें कारणच उरलें नसतें. सत्ताधाऱ्यांनीं तसें केलें नाहीं, आणि मग मतदारांची उदासीनता सर्वांच्या चर्चेचा विषय झाली.

उदासीनतेची किंमत मात्र खरी असते. थोडे लोक आले म्हणजे ज्यांचे अनुयायी बांधील असतात त्यांचें फावतें. झोरान मिलानोविच यांचें समाजवादी सरकार जिंकेल असा अंदाज होता. प्रत्यक्षांत विरोधी क्रोएशियन लोकशाही संघाच्या यादीस शेंकडा ३२.८६ मतें व सहा जागा, सरकारपक्षाच्या यादीस ३२.०७ मतें व पांच जागा, आणि उरलेली एक मजूर पक्षास मिळाली. अंतर सुमारें सहा हजार मतांचें. या निवडणुकींत मतदारास यादीबरोबर एका उमेदवाराच्या नांवावरहि खूण करतां येत होती. देशव्यापी मतदानांत ही सोय तेथें नवीच. तिचा चमत्कार असा झाला कीं, विजयी यादीच्या अग्रभागीं दुब्राव्का शुइत्सा असतां सर्वांत अधिक मतें मिळविलीं तीं रूझा तोमाशिच या खालच्या क्रमांकावरील बाईंनीं. त्या दुसऱ्याच एका छोट्या राष्ट्रवादी पक्षाच्या, आणि युरोपीय संघाविषयीं साशंक! पार्लमेंटांत गेल्यावर त्या यादीतील इतरांबरोबर न बसतां दुसऱ्या गटांत जाऊन बसल्या. पक्षश्रेष्ठींनीं रचलेला क्रम मतदारांनीं असा मोडावा, हें आम्हांस या साऱ्या प्रकरणांतील सर्वांत जिवंत चिन्ह वाटतें. बारांपैकीं सहा स्त्रिया निवडून आल्या, हीहि नोंद येथेंच करावी.

त्या एका वर्षाच्या बाकांवर बसलेल्यांपैकीं आंद्रेय प्लेंकोविच २०१६ सालीं देशाचे पंतप्रधान झाले. शुइत्सा २०१९ सालीं युरोपीय आयोगाच्या उपाध्यक्ष झाल्या. तेव्हां पाठविलेली माणसें क्षुल्लक नव्हतीं. क्रोएशियानें २०२३ च्या १ जानेवारीस यूरो हें नाणें स्वीकारलें, आणि त्याच दिवशीं शेजाऱ्यांच्या सरहद्दीवरील तपासणीची फाटकें उघडलीं. त्यावरून तेथें मोठा क्षोभ उसळला नाहीं. आणि तरीहि ९ जून २०२४ रोजीं युरोपीय पार्लमेंटासाठीं तेथें मत पडलें तें शेंकडा २१.३५. त्याच वर्षीं १७ एप्रिल रोजीं झाग्रेबच्या संसदेसाठीं मात्र शेंकडा साठांहून अधिक लोक रांगेंत उभे राहिले होते.