‘रोज आठ ग्लास पाणी’ आले कुठून?

रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवे, हे तुम्ही अनेकदा ऐकले असेल. पण हा आकडा आला कुठून?

त्याचा उगम बहुधा १९४५ सालच्या अमेरिकेतला. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने आहाराच्या शिफारशींत म्हटले की, प्रौढांना दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागते. त्यालाच जोडून आणखी एक वाक्य होते: यातले बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते. लोकांच्या लक्षात अडीच लिटर राहिले, पुढचे वाक्य विसरले गेले.

२००२ मध्ये मूत्रपिंडाचे अभ्यासक हाइन्झ वॉल्टिन यांनी आठ ग्लासांच्या नियमाचा शास्त्रीय पुरावा शोधला. निरोगी, बैठे काम करणाऱ्या माणसांसाठी तो त्यांना सापडला नाही. त्याच वर्षी बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी व पेये पिणे हे त्याचे मोठे कारण होते. सोडियम फार उतरले तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो.

म्हणून ग्लास मोजत बसू नका. आमटी, ताक, चहा, फळे हेही हिशेबात धरा. तहान लागली की प्या. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. उन्हात राबणाऱ्यांना आणि मुतखडा होणाऱ्यांना जास्त लागते. वयस्कांना तहान कमी जाणवते, त्यांनी आठवणीने प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल, तर मात्र प्रमाण तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.