स्थानकाची पाटी बदलते तेव्हा संशोधकाने काय बघायचं?

समजा, तुम्हाला मुंबईच्या लोकल रेल्वेतल्या दुर्घटनांवर काम करायचंय. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एका स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. त्या स्थानकाचं आजचं नाव प्रभादेवी. पण ‘प्रभादेवी स्थानक’ एवढाच शब्द धरून त्या वेळची वर्तमानपत्रं चाळलीत तर ही घटना हातातून निसटू शकते, कारण बातम्या आहेत ‘एल्फिन्स्टन रोड’ या नावाने. नवं नाव लागू झालं १९ जुलै २०१८ ला.

आता या दोनच तारखा बघितल्या तर वाटेल, दुर्घटनेनंतर नाव बदललं, म्हणजे दुर्घटनेमुळे बदललं. तसं नाही. नामांतराचा ठराव विधिमंडळात डिसेंबर २०१६ मध्येच झाला होता. मागणी, ठराव, केंद्राची मंजुरी आणि प्रत्यक्ष पाटी यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. त्यातली एकच तारीख पकडली की कार्यकारणाची गफलत झालीच म्हणून समजा.

राजकारण्यांची नावं सार्वजनिक जागांना देण्याची खोड आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लागली, असं अनेकदा ऐकू येतं. मुंबईच्या रेल्वेचा नकाशा काही वेगळंच सांगतो. ग्रँट रोड, रे रोड, सँडहर्स्ट रोड ही सगळी मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांची नावं. रॉबर्ट ग्रँट (गव्हर्नर १८३५ ते १८३८) इथे येण्याआधी ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य होते. लॉर्ड रे (१८८५ ते १८९०) आणि लॉर्ड सँडहर्स्ट (१८९५ ते १९००) हे लिबरल पक्षाचे. म्हणजे ही तेव्हाच्या राजकारण्यांचीच नावं. आपल्याला ती ‘जुनी’ वाटतात म्हणून ‘राजकीय’ वाटत नाहीत, इतकंच.

या नावांतल्या ‘रोड’कडेही लक्ष द्या. गव्हर्नरचं नाव आधी रस्त्याला मिळालं आणि रस्त्यावरून ते स्थानकाकडे आलं. सँडहर्स्ट रोड हे त्याचं ठळक उदाहरण. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्याचं काम सुरू झालं. त्या कामाची आठवण या नावात आहे. स्थानकाच्या नावाचा इतिहास शोधायचा तर फक्त रेल्वेची कागदपत्रं पुरत नाहीत, शहर कसं पाडलं आणि बांधलं गेलं तेही वाचावं लागतं.

एल्फिन्स्टनच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. या नावाचे दोन गव्हर्नर मुंबईला मिळाले. एक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९ ते १८२७), ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे. दुसरे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन (१८५३ ते १८६०), पहिल्यांचे पुतणे. स्थानकाचं नाव दुसऱ्यांवरून आलंय. नाव काढण्याच्या किंवा ठेवण्याच्या बाजूने कुणी बोलत असेल तर आधी विचारा, आपण नेमक्या कुठल्या एल्फिन्स्टनबद्दल बोलतोय?

व्हीटीची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात. मूळचं बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची गाडी निघाली ती तिथूनच. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. बोलण्यात मात्र व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी तिन्ही चालू आहेत. सरकारी नाव आणि तोंडातलं नाव यांचं वेळापत्रक वेगळं असतं. मुलाखती घेताना समोरच्या व्यक्तीने जे नाव वापरलं तेच लिहून घ्या, ‘दुरुस्त’ करू नका. तो तुमचा पुरावा आहे.

इथपर्यंतच्या उदाहरणांत नाव देणारे किंवा बदलणारे वर बसलेले आहेत. आता उलट बाजू बघू.

नवी मुंबईच्या विमानतळाला काय नाव द्यायचं, यावरून २०२१ मध्ये मोठं आंदोलन झालं. सिडकोकडून बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा प्रस्ताव पुढे आला होता. स्थानिक प्रकल्पग्रस्तांची मागणी होती दि. बा. पाटील यांच्या नावाची. १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, ‘दिबां’च्या स्मृतिदिनी, हजारो लोक सिडकोवर मोर्चा घेऊन गेले. दोन नेते, दोन नावं, एवढंच बघितलं तर ही अस्मितेची ओढाताण वाटते. पण मागे जा. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात त्याविरुद्ध आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाच्या दिबांचं होतं. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना नंतर आली ती या लढ्याच्या रेट्यातून. तेव्हा विमानतळाला दिबांचं नाव मागणारा माणूस ‘ही जमीन आमची होती’ हेही नोंदवून घेत असतो. ज्याची जमीन गेली त्याच्या हातात आता पाटीवरच्या नावाशिवाय फार काही उरलेलं नाही, हे लक्षात ठेवून ही मागणी वाचली पाहिजे.

निर्णयाचा कागदही बघण्यासारखा आहे. उद्धव ठाकरे सरकारने २९ जून २०२२ च्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत दिबांच्या नावाला मान्यता दिली. सरकार बदललं आणि जुलैमध्ये नव्या सरकारने तोच निर्णय पुन्हा घेतला, या वेळी ‘लोकनेते’ हा शब्द जोडून. एकच नाव, दोन निर्णय. श्रेय कुणाचं, हा वाद या दोन कागदांमधल्या अंतरात आहे.

तर नामांतरावर काम करायचं असेल तर माझ्या मते तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मागणी पहिल्यांदा कुणी केली आणि त्यांचं काय पणाला लागलं होतं? ठरावापासून पाटीपर्यंत प्रत्येक टप्प्याची तारीख काय? आणि जुन्या नावाखाली कोणत्या नोंदी राहून गेल्या?

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव अशा नामांतरांना मान्यता दिली. यात बरीचशी नावं व्यक्तींची नाहीत, त्या त्या भागाची आहेत, हा बदल अभ्यासण्यासारखा आहे. पण पाट्या बदलतील तेव्हा दर स्थानकाची जुनी-नवी नावं आणि अंमलाच्या तारखा यांचा तक्ता कुणीतरी करून ठेवायला हवा. नाहीतर उद्याचा विद्यार्थी ‘प्रभादेवी’ शोधेल आणि ती २३ माणसं त्याला सापडणार नाहीत.