एकच भाव

दुकानदारीचा इतिहास कुठेही वाचायला घ्या, गाडी बहुधा पॅरिसला जाऊन थांबते. आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ साली 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदारी घेतली, वस्तूंवर ठरलेल्या किमती लावल्या आणि आधुनिक दुकान जन्माला आलं, अशी ती गोष्ट. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी जपानमध्ये एका कापडवाल्याने हेच केलं होतं.

साल १६७३, म्हणजे रायगडावर शिवराज्याभिषेक झाला त्याच्या आदल्या वर्षी. जपानची दारं तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांना जवळजवळ बंद होती. युरोपीयांपैकी फक्त डचांना नागासाकीत मुभा होती. त्याच वर्षी व्यापाराची परवानगी मागायला आलेलं इंग्रजांचं जहाज तिथून परत पाठवलं गेलं. तेव्हा तिथल्या पेठांत काय चाललं आहे हे जगाला कळावं कसं?

मित्सुई ताकातोशी हा मात्सुसाका गावचा व्यापारी. लहानपणी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, थोरल्या भावाच्या दुकानात कामाला गेला. पुढे आईच्या देखभालीसाठी गावी परतला आणि चोवीस वर्षं तिथेच राहिला. थोरला भाऊ वारल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्याने एदोत स्वतःचं दुकान काढलं. मुलांना तिथे बसवलं आणि नाव ठेवलं एचिगोया. दुकानाची रुंदी जेमतेम नऊ फूट!

त्या काळी किमती रेशमी कापड दुकानात जाऊन घ्यायची रीत नव्हती. गुमास्ते तागे किंवा नमुने घेऊन सरदारांच्या, धनिकांच्या वाड्यांवर जात. माल उधारीवर, पैसे वर्षातून एकदा-दोनदा. उधारी बुडण्याची भीती असे, म्हणून व्यापारी आधीच भाव चढवून सांगत. मग घासाघीस. आणि कापड घ्यायचं तर अख्खा तागाच घ्यायचा. साध्या कारागिराला, छोट्या दुकानदाराला या व्यवहारात जागाच नव्हती.

ताकातोशीने पाटी लावली: रोख पैसे, चढवलेला भाव नाही. गिऱ्हाइकाने दुकानात यावं, सांगितलेला भाव द्यावा आणि हवं तेवढं कापड कापून न्यावं. साहित्यिक इहारा साइकाकू याने १६८८ च्या आपल्या पुस्तकात या दुकानाचं वर्णन केलं आहे. तिथे प्रत्येक प्रकारच्या कापडाला वेगळा माणूस होता. कोणाला घाईने पोशाख हवा असेल तर तो तिथल्या तिथे शिवून मिळे.

मला यातली खरी मौज पुढे दिसते. दुकानाची रचना म्हटलं की आपल्याला कपाटं, दिवे, काचा आठवतात. एचिगोयात काचेचं कपाट नव्हतं. गिऱ्हाईक पादत्राणं काढून चटईवर बसे आणि माल आतून आणून समोर पसरला जाई. आपल्याकडच्या साडीच्या दुकानातली पांढरी गादी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र कळेल. बदलली होती ती भावाची रीत. पण ती बदलताच बाकीचं सगळं बदलावं लागलं. भाव पक्का, म्हणून नवा गुमास्ताही माल विकू शकतो. पैसे रोख, म्हणून वाड्यांवर खेटे नकोत. तुकडा विकायचा, म्हणून रस्त्यावरचा कोणीही आत येऊ शकतो.

हे इतर व्यापाऱ्यांना कसं रुचणार? त्यांनी व्यवहार तोडले. त्रास इतका वाढला, की शेजाऱ्यांनी शौचकूपाची घाण एचिगोयाच्या स्वयंपाकघराकडे वळवल्याची हकिकत मित्सुई घराण्याच्या इतिहासात सांगतात. शेवटी १६८३ मध्ये दुकान सुरुगाचो भागात हलवलं. तिथे ते असं वाढलं, की पुढे होकुसाई या थोर चित्रकाराने फुजी पर्वताच्या आपल्या चित्रमालिकेत या दुकानाचं छप्पर आणि 'रोख, चढवलेला भाव नाही' ही पाटी रंगवली.

काचेची कपाटं आली ती १८९५ मध्ये, दोनशेहून अधिक वर्षांनी. १९०४ मध्ये दुकानाचं नाव 'मित्सुकोशी' झालं आणि १९१४ च्या नव्या इमारतीत सरकता जिनाही आला. म्हणजे आधी विश्वास, मग काच. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. काच चकाचक, पण भाव मात्र माणूस बघून.

घासाघिशीत गोडवा असतो हे मला मान्य आहे. त्यात ओळख होते, दोन शब्द बोलणं होतं. रोखीच्या नियमात एक कठोरपणाही आहे, कारण अडीनडीला उधार देणारा वाणी हा गरिबाचा आधार असतो. पण घासाघिशीत जिंकतो तो बोलघेवडा. लाजाळू माणूस, परगावचा माणूस, नव्यानेच शहरात आलेली बाई, आमच्यासारखे भाव करायला संकोचणारे मास्तर, हे सगळे मुकाट्याने जास्त पैसे मोजतात. लिहिलेला भाव त्यांच्या बाजूने बोलतो.

आज विमानाच्या एकाच तिकिटाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक असतो. शेजारच्या आसनावरच्या माणसाने किती दिले ते आपल्याला कळत नाही. त्या जुन्या वाड्यांवरच्या गुमास्त्यासारखाच कोणीतरी आपला अंदाज घेऊन आकडा सांगतो आहे, फक्त तो दिसत नाही.

असो. पुढच्या वेळी एखाद्या दुकानात 'एकच भाव' अशी पाटी दिसली, तर तिच्याकडे जरा आदराने बघा. त्या दोन शब्दांसाठी कोणीतरी शेजाऱ्यांची घाण सोसली होती.