‘गाव’ या घटकाची घडण : मेंढा (लेखा)

प्रस्तावना
स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात ‘गाव’ हा घटक बहुधा गृहीत धरला जातो. प्रत्यक्षात गावाची सीमा व अधिकार महसूल, कायदा आणि लोकव्यवहार यांतून घडत असतात. प्रस्तुत लेखात गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाच्या आधारे या घडणीचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्हा ब्रिटिश अंमलाखाली आला. महसुली व्यवस्थेच्या दृष्टीने गाव म्हणजे सारा देणारा मौजा होय. जंगलातून बांबू, लाकूड, चारा घेण्याचा लोकांचा परंपरागत व्यवहार ‘निस्तार’ म्हणून नोंदला गेला. परंतु जमीनदारी नष्ट झाल्यावर तेथील जंगलाची मालकी शासनाकडे गेली. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार मेंढा लेखा गटग्रामपंचायतीत समाविष्ट झाले. अशा रीतीने वस्ती एक, तर पंचायत दुसरी, अशी स्थिती निर्माण झाली.

ग्रामसभेचा उदय
१९८० च्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्ध झालेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून मेंढ्यात ग्रामसभेचा विचार रुजला. सर्वसहमतीने निर्णय आणि अभ्यासगट ही तिची दोन अंगे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यातूनच आली. १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरेनुसार आपला कारभार चालविणाऱ्या वस्तीस गाव मानले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे येण्यास एप्रिल २०११ उजाडले. २०१३ मध्ये गावाने ग्रामदान स्वीकारले.

तौलनिक विचार
इंग्लंडमधील ‘पॅरिश’ मुळात चर्चचा घटक होता. गरिबांच्या साहाय्यासाठी कर वसूल करण्याच्या निमित्ताने त्याला मुलकी रूप आले व १८६६ मध्ये त्याची स्वतंत्र व्याख्या झाली. १८९४ च्या कायद्याने लहान पॅरिशचा कारभार निर्वाचित मंडळाविनाही सर्व मतदारांच्या सभेकडे राहू शकला. तेथे लहानपणामुळे सभेचा अधिकार टिकला. आपल्याकडे त्याच कारणाने लहान गाव मोठ्या पंचायतीत विलीन झाले.

निष्कर्ष
मेंढ्याची स्थापना कोणत्याही एका तारखेला दाखविता येत नाही. येथे ग्रामसभेचा व्यवहार आधी रूढ झाला आणि कायद्याची मान्यता मागाहून आली. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनाश्रित वस्त्यांच्या बाबतीत म्हणूनच केवळ महसुली दप्तरावर विसंबून चालणार नाही. हक्काचा कागद वस्तीच्या हाती येईलही. परंतु तो राबविणारी सभा नसेल, तर ती वस्ती कारभाराच्या अर्थाने गाव ठरणार नाही. ग्रामसभांची इतिवृत्ते व वडीलधाऱ्यांच्या स्मृती ही या इतिहासाची प्राथमिक साधने असून त्यांचे जतन हे परिसरातील महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.