शनवार तेल्यांचे दोन देश

अलिबाग, पेण, रोहे, मुरूड या बाजूच्या जुन्या माणसांना एक नाव अजून ठाऊक आहे. ते म्हणजे शनवार तेली. घाणा चालवून तेल काढणारी ही मंडळी शनिवारी मात्र घाण्याला हात लावीत नसत. शेजाऱ्यांनी त्यांना ओळखले ते एवढ्यावरूनच. ती स्वतःला ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलची लेकरे म्हणवीत. त्यांचा धर्म यहुदी. त्यांची परंपरा असे सांगते की, फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचाच हा पुढचा विस्तार. बुडालेल्यांना जिथे पुरले ती जागा नवगावला आजही दाखवितात.

या लोकांनी कोकण किती आपलेसे केले, ते पाहा. आडनावे घेतली ती गावांवरून: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. घरची बोली मराठी. सणांनाही मराठी नावे पडली. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. दारे लावून दिवसभर उपास करायचा ती ‘दरफाळणी’. आणि ज्या दिवशी वालाचे बिरडे करायचे तो ‘बिरड्याचा सण’. धर्म मात्र त्यांनी सोडला नाही. आठव्या दिवशी मुलाची सुंता, सातव्या दिवशी विश्रांती आणि एकाच देवाची प्रार्थना, हे शतकानुशतके चालू राहिले. याच काळात युरोपात यहुद्यांना गावोगावाहून हाकलले जात होते. कोकणात त्यांच्यावर तसा प्रसंग आला नाही. ‘तुम्ही खरे कोण, पुरावा दाखवा,’ असेही गावाने त्यांना कधी विचारले नाही.

पुढे कित्येकजण मुंबईला आले. कोणी पलटणीत शिरले, कोणी रेल्वेत, कोणी कचेरीत. कंपनी सरकारच्या पलटणीतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

मग १९४८ साली इस्राएल हे राज्य उभे राहिले. त्या सुमारास आपल्याकडे बेने इस्राएलांची वस्ती सुमारे २० हजार होती. त्यांतले बहुतेक पुढच्या काही दशकांत तिकडे गेले. का गेले? इथे छळ होता म्हणून नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत ज्या जेरुसलेमचे नाव घेतले, तिथे जाण्याची वाट आता मोकळी झाली होती. इंग्रज गेल्यावर नोकरीचाकरीचे कसे होणार, ही काळजीही काहींना होती. तरणी मुले आधी गेली, आणि मागाहून आईबापही निघाले.

आता अशा एखाद्या बापाचा विचार करा. हयात रेल्वेच्या कचेरीत गेलेली. उतरला कुठे, तर बीरशेबाच्या रखरखीत वाळवंटात. ना नारळ, ना पाऊस. भाषा हिब्रू. प्रार्थनेपुरती ती तोंडपाठ होती, पण बाजारात तिचा काय उपयोग? मुले कारखान्यात लागली, नातवंडे शाळेत जाऊन हिब्रूत बोलू लागली, आणि आजोबा घरातच परके झाले.

याहून मोठे दुःख वेगळेच होते. ज्यांना भाऊ म्हणून भेटायला आलो, तेच आपल्याला कमी लेखतात, असे अनेकांना वाटू लागले. १९५१ साली काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि ‘आम्हांला परत हिंदुस्थानात पाठवा,’ अशी मागणी केली. त्यांना परत पाठवण्यातही आले. गंमत अशी की, त्यांतलेच काही पुन्हा इस्राएलला जायला निघाले! मन दोन्हीकडे ओढ घेत होते, दुसरे काय?

१९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्राएलांचे इतरांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आई-आजीचे कूळ मागपर्यंत तपासावे. नवगावच्या गलबताला कुठला आला दाखला? पण या वेळी लोक परत जाण्याचे बोलले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. त्याच ऑगस्टात तिथल्या संसदेने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत. धर्मपीठालाही आपल्या आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले.

तेव्हा या पिढीने मागे वळून पाहिले, तर हिशोब मोठा विलक्षण दिसतो. ज्या देशाने पुरावा मागितला नाही, तो त्यांनी आपखुशीने सोडला. ज्याने मागितला, तिथे त्यांनी आपला हक्क भांडून मिळवला. एक जन्माची भूमी, दुसरी प्रार्थनेची. एकीसाठी दुसरीला नाकारावे, असे त्यांना वाटले नाही. तिकडे जाऊनही ते क्रिकेट खेळत राहिले, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे मांडून एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ‘मलिदा’ करणे तर त्यांनी कधीच सोडले नाही. या संदेष्ट्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावी कातळाला टेकला, अशी त्यांची श्रद्धा आहे. तिकडची माणसे आजही तिथे दर्शनाला येतात.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे, आणि तिकडच्या नातवंडांची मराठी आटत चालली आहे. म्हणून शिक्षकबंधूंना एक विनंती. तुमच्या गावी ‘इस्राएल आळी’ असेल, जुने थडगे असेल, घाण्याची आठवण सांगणारे कोणी म्हातारे असेल, तर मुलांना घेऊन तिकडे एकदा जा. ऐकाल ते वहीत उतरवून घ्या. पलीकडच्या काठावर ते सांगू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. अलीकडच्या काठावरचे तेवढे तरी आपल्याला जपता येईल.