परिचारिकांचे कायदेविषयक शिक्षण (अंबड, नाशिक)

रुग्णसेवेतून अंगावर येणारी कायदेशीर जबाबदारी ओळखणे आणि व्यवसायाची नोंदणी शाबूत राखणे, यासाठी परिचारिकांना द्यावयाचे शिक्षण. ही नोंद नाशिक शहरातील अंबड औद्योगिक वसाहत व लगतच्या सिडको भागाला धरून आहे. जालना जिल्ह्यातील अंबड निराळे.

महाराष्ट्रात परिचर्येचा व्यवसाय करायचा तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. परिषदेला हा अधिकार महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये आहे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास परिषद नाव कमी करू शकते. नोंदणी नसलेल्या हातात सिरिंज देणे किती महागात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ मधील स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या निकालात दिसते. परिचारिकेने लहान मुलाला क्लोरोक्विन थेट शिरेतून दिले. मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या परिचारिकेची कुठेही नोंदणी नव्हती. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई देण्याची जबाबदारी रुग्णालयावर आली.

भरपाई मालक भरतो. फौजदारी गुन्हा मात्र ज्याचा त्यालाच भोगावा लागतो. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ कोविड रुग्ण दगावले. त्यानंतर एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. वॉर्डातील वायरिंग किंवा अग्निशमन यंत्रणा बसवणे परिचारिकेच्या हाती नसते, तरी पहिला प्रश्न ड्यूटीवरच्या सिस्टरलाच विचारला जातो.

१ जुलै २०२४ पासून हा धोका वाढला आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ खाली कमाल शिक्षा दोन वर्षे होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांवर नेली आणि उपचार करताना मृत्यू झाल्यास दोन वर्षांच्या कमाल शिक्षेची सवलत फक्त नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला, म्हणजे डॉक्टरला, ठेवली. एकाच खाटेशी उभे असलेल्या दोघांना कायद्याने असे वेगळे मोजणे अन्यायाचे आहे, आणि परिचर्येच्या विद्यार्थिनीला हे पहिल्याच वर्षी कळले पाहिजे.

अंबडसारख्या कारखान्यांच्या भागात पॉवर प्रेसमध्ये बोटे चिरडलेला कामगार रुग्णालयात येतो, तेव्हा ती मेडिको-लीगल केस असते. पोलिसांना खबर जाते, पुढे भरपाईचा दावा उभा राहतो आणि केसपेपर न्यायालयापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून रुग्ण किती वाजता आला, कोणी आणला, रक्तदाब किती, डॉक्टरांना फोन कधी केला, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी दिले, हे सर्व त्याच वेळी, स्वतःच्या अक्षरात आणि सहीनिशी लिहावे. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही व वेळ घालावी. व्हाइटनर कधीही लावू नये. फोनवर सांगितलेले औषध परत वाचून दाखवावे, नोंदवहीत लिहावे आणि डॉक्टर आल्यावर त्यांची सही घ्यावी. दिवसा हे सगळे सोपे वाटते. रात्रपाळीला एकटी सिस्टर पूर्ण वॉर्ड सांभाळत असते तेव्हा लिहायला वेळ उरत नाही. अशा वेळी मनुष्यबळ कमी असल्याचे इन्चार्जना लेखी कळवून ठेवणे हाही बचावाचाच भाग आहे.

कायदा परिचारिकेच्या बाजूनेही उभा राहतो. २०१० च्या राज्य कायद्यानुसार रुग्णसेवकांवरील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अनेक सिस्टरना हे ठाऊकच नसते आणि मार खाऊनही तक्रार होत नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. अंबड-सिडकोतील लहान रुग्णालयांत वॉर्डावर जाऊन असे वर्ग घेणे त्याला अवघड नाही. परिचारिकांच्या संघटनांनी ते मागावेत, आणि कलम १०६ मधील सवलत नोंदणीकृत परिचारिकांनाही मिळावी ही मागणी केंद्राकडे लावून धरावी.